वाकलेल्या गुडघ्याचं माप

प्रिय ताई,

कुठून सुरुवात करावी तेच कळत नाहीये, म्हणून आधी कामाचं सांगते. तू नेहमी विचारतेस ना, लढाईतल्या जखमींच्या इस्पितळात मी करते तरी काय? मी जखमा मोजते. जखमेवर पारदर्शक प्लास्टिक ठेवायचं, पेनाने कड गिरवायची, मग चौकटीच्या कागदावर चौकोन मोजून किती भाग गेला ते वहीत लिहायचं. शिंप्यासारखंच काम, फक्त इथलं गिऱ्हाईक विव्हळतं. रागावू नकोस, असं काहीतरी बोलल्याशिवाय इथे दिवस जात नाही.

सात नंबरच्या खाटेवरच्या पोराची पोटरी बॉम्बच्या तुकड्याने नेली. जखम पार गुडघ्यामागे चढलेली. नियम असा, की पाय सरळ करूनच मोजायचं. पण जरा सरळ केला की तो किंचाळायचा. शेवटी पाय धरणाऱ्या नर्सला मीच म्हटलं, राहू द्या. गुडघ्याखाली उशी सरकवली आणि तसंच मोजलं. पाय वाकवला की तिथली जखम आक्रसते, हे मला ठाऊक आहे गं. की त्या वेळी विसरले होते? खरंच आठवत नाही. आकडा लहान आला. जखम भरतेय म्हणून डॉक्टर खूश झाले आणि मोठ्या इस्पितळात न्यायच्या यादीतून त्याचं नाव काढलं. त्याला न घेताच गाडी गेली.

आठवड्याने, म्हणजे काल, डॉक्टरांनी स्वतः पाय सरळ करून मोजलं. आकडा जवळजवळ दुप्पट! त्यांनी वहीतला माझा आकडा खोडला आणि त्याचं नाव पुन्हा यादीत घातलं. आता पाय राहील की कापावा लागेल, कुणीच छातीठोकपणे सांगत नाही. मी त्याच्यावर माया केली की त्याचा घात केला? विचार करून करून डोक्याचा भुगा झालाय.

ताई, सात नंबर म्हणजे तुझा लेक, आपला ढब्बू. त्याला नुसतं खरचटलंय असं मागच्या पत्रात लिहिलं, ते खोटं होतं. तुला झेपणार नाही म्हणून लिहिलं, की मलाच झेपत नव्हतं, देव जाणे. हे पत्र आज औषधांच्या गाडीने पाठवतेय. परवा ढब्बू तुमच्या शहरातल्या त्या मोठ्या इस्पितळात पोचेल. तिथे पुन्हा मोजतील. तू त्याच्या उशाशी बस, मला हव्या तेवढ्या शिव्या घाल. पण पाय सरळ करताना तो कितीही किंचाळला, तरी राहू द्या म्हणू नकोस.

तुझीच,
धाकटी