मधेच गेलेला आवाज

सोन्या,

तू उठायच्या आत निघतोय. कालच्या सभेत तो पुढारी समलिंगी पोरांना समाजाला लागलेली कीड म्हणाला, तेही माझ्याच कर्ण्यांतून. म्हणून तू रात्री न जेवता दार लावून घेतलंस, हे कळतंय मला. पण त्यानंतर मधेच आवाज गेला ना, तो बिघाड नव्हता. वायर मीच ओढून काढली. त्याची माणसं बराच वेळ फ्यूज तपासत बसली, आणि मी शेजारी बॅटरी धरून उभा.

आता सामान काढून आणायला चाललोय. आजची सभा त्यांनी आपल्या घशाच्या जोरावर घ्यावी. तुझं ताट ओट्यावर झाकून ठेवलंय, गरम करून खा.

रविवारी तुम्ही पोरं चौकात निषेध करणार आहात म्हणे. दोन कर्ण्यांनी भागायचं नाही, चारही लावतो. खांबावर चढायला माणूस लागेल. मागे घरी आणला होतास, त्या उंच मुलाला बोलाव. तेव्हा तू त्याची ओळख ‘ऑफिसमधला एक जण’ अशी करून दिलीस. कर्ण्यांपाशी उभं राहून माझा एक कान गेलाय रे, डोळे शाबूत आहेत.

बाबा