आधी काठी, मग हात

बा, मला भीती वाटते. तुझी नात मुरबाडला शेतकीचं शिकते आणि शेणव्याला घरी आली की वांग्यांच्या बुडाशी सागाचा पाला पसरते. त्याला ती मल्च म्हणते. मी म्हटलं, मल्च म्हणजे तो प्लास्टिकचा कागद ना, टोकावड्याकडे भेंडीवाले अंथरतात तो? तर हसली. "कागद आत्ताचा गो आये. शब्द लय जुना हाय. इंग्रज माळी अर्ध्या कुजलेल्या ओल्या गवताला मल्च म्हणायचे. मुळात अर्थ मऊ, ओलसर." आणि माझा हात धरून पाल्यात घालायला गेली. "बघ ना, किती मऊ!" मी अशी किंचाळले की शेजारीण धावत आली.

तू पाला कधी ठेवलाच नाहीस. सगळा राबाला जायचा, जाळून राख झाली की तिथंच भाताचं बी पेरायचं. पण ढिगाला हात लावण्याआधी तू तो काठीने झोडपायचास. मी एकदा तशीच वाकले, तर पाठीत धपाटा घातलास. "मरायचंय का गो? आधी काठी, मग हात." आणि त्या दिवशी तुझीच काठी बांधावर राहिली. तुला पान लागलं, बोटावर दोन दात उमटले. त्या जनावराचं नाव मी अजून घेत नाय. खर्डीच्या रस्त्याला जीपमध्ये तुझं डोकं माझ्या मांडीवर आहे, हिरड्यांतून रक्त येतंय, आणि तू विचारतोस, "काठी आणलीस का?" आणली होती, बा. अजून दाराआड आहे.

पोरीला हे सगळं माहीत आहे. तरी म्हणते, पाणी किती वाचतं बघ. वाचतं खरं. वांगी अशी तरारलीत की तू खूश झाला असतास. पण ती असली की रोज पहाटे, ती उठायच्या आत, मी तुझ्या काठीने सगळा पाला झोडपून काढते. ती उठून कपाळावर हात मारते, "कोंबड्यांनी परत उसकटलं!" आणि नुसत्या हातांनी सारखा करायला बसते. तेवढा वेळ मी तिच्या बोटांवरनं नजर काढत नाय.

काल तिने बाजारातून मोठं डालगं आणलं. उद्यापासून कोंबड्या त्याखाली झाकणार, म्हणजे माझी चोरी उघडी पडणार. पडू दे. हे पत्र कुठं धाडणार मी? कुणी वाचणार नाय, म्हणून तुलाच सांगते. एरवी कोंबड्या आख्खं अंगण उकरतात. त्या पाल्याकडे मात्र एकही फिरकत नाय. आत ते जनावर असेल म्हणून तर नाय ना, हे मी पोरीला अजून विचारलेलं नाही.