भांडायला आणलेला ग्रंथ

प्रिय ताई,

मठात तुला आता दुसरं नाव आहे, ते ठाऊक आहे मला. पाकिटावर तेच घातलंय, नाहीतर पत्र तुझ्या हाती यायचं नाही. पण आत मी ताईच लिहिणार. त्या नव्या नावाच्या बाईशी माझी ओळख नाही, आणि अनोळखी बाईला घरातल्या गोष्टी कशा सांगायच्या?

इकडे सगळं ठीक. चष्म्याचं दुकान चालतंय. समोरच्या न्हाव्याने नवे आरसे बसवलेत, त्यामुळे दुपारी त्याचं ऊन माझ्या काउंटरवर येतं आणि गिऱ्हाईक डोळे मिचकावत फ्रेम निवडतं. तुझ्या खोलीत मी काचा घासायचं जुनं यंत्र ठेवलंय. आईने आधी नको म्हटलं, मग म्हणाली, ठेव, रिकामी खोली जास्त आवाज करते. माझं म्हणशील तर बरा आहे. दाढ काढून आल्यावर गाल असतो ना, आपलाच असून आपला वाटत नाही, तसं आहे. दुखत काही नाही.

तू गेलीस त्या सकाळची तुझी चिठ्ठी आईनेच पाहिली. शिलाई मशीनच्या सुईखाली अडकवली होतीस, म्हणजे तिला आधी दिसावी असंच तुझ्या मनात असणार. ग्रंथातल्या एका ओळीने मला उत्तर दिलं, असं तू लिहिलं होतंस. ओळ कुठली, ते काही लिहिलं नव्हतंस. तेवढं लिहिलं असतंस तर पुढचं काहीच झालं नसतं, असं मला आजकाल वाटतं. आई रडली नाही. चिठ्ठी बाजूला ठेवली, दोरा ओवला आणि कुणाच्या तरी कोटाच्या बाह्या आखूड करायला बसली. संध्याकाळी जेवताना एवढंच म्हणाली, पोटची पोर एका ओळीपायी गेली. ती ओळ मला बघायचीय. अशी काय मेली लागून गेली ती ओळ!

आपल्या घरात ग्रंथ होता कुठे? बाबा होते तेव्हा त्यांचं म्हणणं, देव देवाच्या जागी बरा आणि आपण आपल्या. तुझी प्रत तू सोबत नेलीस. म्हणून मी बाजारामागच्या त्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेलो. मला वाटलेलं, ग्रंथ म्हणजे ग्रंथ, त्यात निवडायचं काय? तर दुकानाच्या मालकीणबाईंनी माझ्यापुढे ढीगच मांडला. एक होती पंडितांची आवृत्ती. पानाच्या डोक्यावर मूळ दोन ओळी आणि खाली मुंग्यांची रांग लागावी तशा टिपा. मी रोज लोकांचे नंबर काढतो, ते अक्षर पाहून माझेच डोळे पाणावले. दुसरीचं अक्षर छान, पण टिपा सगळ्या शेवटी. एक बोट इथे, एक बोट तिथे, आणि मग वाचायचं कशाने? तिसरी कुणा निवृत्त शाळामास्तरांची होती. मोठं अक्षर, आणि ज्या ओळीवर टीप तिच्या शेजारीच समासात, फळ्यावर समजावून सांगावं अशा भाषेत. मालकीणबाईंनी विचारलं, कशासाठी हवाय? पूजेला, पाठांतराला, की अभ्यासाला? माझ्या तोंडून निघून गेलं, भांडायला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, मग मास्तरांचाच न्या. पंडितांशी भांडण होत नाही, ते समोरच्याचं ऐकतच नाहीत.

आणि मला तेच हवं होतं, ताई. उगाच गोड कशाला बोलू? आईने तो ग्रंथ वाचावा, त्यातलं खोटं पकडावं, संतापावं आणि एक दिवस चपला घालून निघावं, ती थेट तुझ्या मठाच्या दारात. आई भडकली की तिच्यापुढे कोण उभं राहतं? तुला हाताला धरून आणली असती तिने. म्हणून मी डोळ्यांत तेल घालून सगळ्यांत सोपी, सगळ्यांत स्पष्ट प्रत निवडली.

सुरुवात तर झकास झाली. दुकान बंद करून आलो की आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचो, चहाचा कप मध्ये आणि ग्रंथ तिच्यापुढे. ती आधी टिपा वाचायची, मूळ ओळ नंतर. मी म्हटलं, अगं, उलटं वाचतेस. तर म्हणते कशी, कपडा चांगला की वाईट हे उलटा करून शिवण बघितल्याशिवाय कळतं का? आणि मग त्या बिचाऱ्या मास्तरांची जी काही हजेरी! मोह सोडावा, म्हणे. यांची भाकरी कोण भाजत होतं, विचारा जरा. राग आवरावा, म्हणे. यांना आमचे घरमालक भेटले नसतील! मी हसायचो. ती हसायची. तू गेल्यावर आम्ही हसलो ते त्या टेबलाशीच.

मग ते पान आलं. त्या ओळीत काय आहे ते मी सांगत नाही, तू जाणतेस आणि मला नीट कळलेलं नाही. पण शेजारी मास्तरांनी टीप अशी दिलीय की, इथे माझी समजूत संपते. वर्गात मी या ओळीला आलो की खडू खाली ठेवतो. बस, एवढंच. आई पुढचं भांडण काढील म्हणून मी वाट बघत बसलो. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. म्हणाली, हा माणूस खोटं बोलत नाहीये रे. आणि ग्रंथ मिटला. चहा तसाच राहिला त्या दिवशी.

त्यानंतर ती मूळ ओळ आधी वाचायला लागली आणि टीप नंतर. हे माझ्या लक्षात आलं होतं. अर्थ लक्षात आला नाही. मला वाटलं, बरी होतेय. जेवण सुधारलं, शेजारीण म्हणाली आई टवटवीत दिसते. हातातले कपडे तिने एकेक करून पुरे केले आणि नवे घेईना, तेव्हा मला वाटलं डोळे थकले. म्हणून तिचा नंबर तपासला आणि तुझ्या खोलीतल्या त्या यंत्रावर स्वतः काच घासून नवा चष्मा करून दिला. आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते याला. आता तर ती दुपारीही वाचायला लागली.

ग्रंथ संपला त्या संध्याकाळी मी विचारलं, सापडली का ताईची ओळ? म्हणाली, तिची नाही सापडली. माझी सापडली. मग कप विसळले, हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, तुझ्या ताईने मला विचारलं नाही, ते मला फार लागलं. म्हणून मी तुला विचारते. जाऊ का मी?

ताई, तेव्हा मी तिला अडवायला हवं होतं. तिच्या पायाशी बसून रडायला हवं होतं. मला काही म्हणजे काही वाटलं नाही. बाजारात जाऊ का म्हटल्यावर म्हणतो तसं मी म्हणालो, जा. तिने माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, माझं शेंडेफळ शहाणं आहे. शहाणं कसलं? बधिर आहे. तू गेलीस तेव्हाही मी भात वाढून घेतला होता.

आई गुरुवारी सकाळच्या गाडीने तिकडे यायला निघतेय, कायमची. हे पत्र त्याआधी तुझ्याकडे पोचावं म्हणून आज घाईने टाकतोय. मला नको म्हणता आलं नाही, ते तू म्हण. लहानपणी माझी सगळी भांडणं तूच भांडायचीस, एवढं एक भांड. दारातूनच सांग तिला, की आई, परत जा, तो एकटा आहे. आणि तुलाही नको म्हणता आलं नाही, तर तिला जमिनीवर बसवू नका, तिचा उजवा गुडघा वाकत नाही. रक्तदाबाची गोळी जेवणाआधी, आणि विचारल्याशिवाय ती कधी सांगायची नाही की थंडी वाजते. चष्म्याची जादा जोडी पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवलीय. ग्रंथ मात्र ती नेत नाहीये. माझ्यासाठी ठेवलाय, टेबलावर, माझ्या बाजूला वळवून. जेवताना मी तो जरा पलीकडे सरकवतो. अजून उघडलेला नाही. फार सोपं लिहिलंय गं त्या मास्तरांनी. मलाही कळलं तर?

तुझाच,
शेंडेफळ