गणाशिवायची कॅसेट

बुवा, तुमची कॅसेट आता मोबाइलवर वाजते. हे तुम्हाला सांगावं की नाही, याचीच काळजी करत बसलो होतो.

जन्मभर तुम्ही जाखडी नाचाची गाणी लिहिलीत आणि ती गाजवली दुसऱ्यांनी. उतारवयात मात्र स्वतः गायला उभे राहिलात. मुंबईचा तो स्टुडिओ, खोलीभर व्हायोलिनवाले, आणि मागे कोरसला आम्ही गाववाले, घामाघूम. सगळ्या गाण्यांत मिळून गोष्ट एकच. बऱ्याच वर्षांनी मुंबईहून आलेला माणूस पोलादपूरला एस्टीतून उतरतो आणि आपल्या वाडीपर्यंत चालत जातो. कॅसेटच्या एका बाजूला चढण, दुसऱ्या बाजूला घर. मी भीत भीत विचारतो, "बुवा, गण नाय घ्यायचा? गणपतीचं नाव घेतल्याबिगर आपण कधी उभे ऱ्हायलोय?" तुम्ही चष्म्यावरून बघता. "तो घरी चाललाय रे. नाचायला नाय आला. गप उभा ऱ्हा."

महाडच्या बाजारात दुकानदाराने अर्धं गाणं ऐकून कॅसेट परत सरकवली. "बुवा, ह्याच्यावर नाचायचं कसं? पोरं पायात चाळ बांधून रडत बसतील." तुम्ही हसलात, त्यालाच चहा पाजलात. गावात मात्र बोलणं झालं, गण नाही म्हणून कॅसेट चालली नाही. पुढे तुम्ही गेलात, तर त्यालाही लोकांनी तेच कारण लावलं. ते माझ्या मनातून अजून जात नाही.

माझी नात औषधांच्या कंपनीत पाळीला जाते. तिनेच ही गाणी मोबाइलवर चढवली. चढवण्याआधी म्हणाली, "आबा, पुढं एखादा गण जोडूया. नायतर आपली माणसं लगेच बंद करतील." माझा जीव खालीवर. जोडला तर तुमचा शब्द मोडतो, न जोडला तर तुम्हाला ऐकणार कोण? कोरसातला मी एकटाच उरलोय, विचारू कोणाला? शेवटी म्हटलं, "नको गो. हाय तशीच ऱ्हाऊ दे."

फार कोणी ऐकत नाही. किती जणांनी ऐकलं तो आकडा नात बघून सांगते, आणि माझं जेवण गोड लागत नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहून टाकतो. रागावू नका. नात ही गाणी लावायला बसली की मी आधी तिला पाणी आणायला आत पाठवतो. तेवढ्यात तोंडातल्या तोंडात गण म्हणून घेतो.