न्हाणीघरामागचं डबकं

प्रिय भाऊजींना वहिनीचे आशीर्वाद.

गुडघा कसा आहे? जाऊबाई लिहितात, हल्ली तो तुमच्यापेक्षाही जास्त कुरकुरतो. शेक घ्या, शिडीवर चढू नका. मी बरी आहे. एकटीचा स्वयंपाक अजून दोघांचा होतो, एवढं सोडलं तर सगळं मापात आहे.

मागच्या महिन्यात मीच तुम्हाला लिहिलं होतं, न्हाणीघरामागचा पाइप गळतो, रविवारी येऊन बघून जा. (प्लंबरच्या सख्ख्या भावाकडे सात वर्षं गळका पाइप! पण धाकट्याला बोलवायचं म्हणजे यांना कमीपणा. ‘उद्या मीच करतो’ म्हणत जुन्या सदऱ्याची चिंधी सुतळीनं आवळून ठेवली, आणि तो उद्या राहूनच गेला.) खाली कायमचं डबकं. हे गेल्यावर मी वाचनालयातून झाडांचं पुस्तक आणलं, त्यात एक झुडूप भेटलं. आपल्याकडच्याच ओढ्याकाठचं, पाय सतत ओले असले तरच खूश. म्हटलं, बाई गं, तुझ्यासाठी तर आमच्याकडे केव्हापासून तयारी चालू आहे!

लावलं. पण यंदा सगळ्या झाडांना पालवी फुटून गेली तरी आमची काडी ती काडीच. शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाई रोज भिंतीवरून सांत्वन करायच्या, ‘गेलं हो ते. मन घट्ट करा आणि उपटा.’ (मला सांत्वनाचा सराव आहे, ऐकून घेतलं.) नखानं साल खरवडून आतलं हिरवं दाखवलं, तर म्हणाल्या, ‘शेवाळ असेल.’ शेवटी मीही आशा सोडली, आणि तेव्हाच तुम्हाला पाइपचं लिहिलं. आता बघा, टाचण्या खोचलेल्या चेंडूंसारखी पांढरी फुलं आलीत. मधमाश्या सकाळपासून कामावर, फुलपाखरं दुपारच्या पाळीला. बिया धरल्या की पक्षीही येतील म्हणे. बाई तर पाहुण्यांना भिंतीपाशी आणून ‘आमचं झुडूप’ दाखवतात.

रविवारी दोघं नक्की या.

तुमची वहिनी

ता. क. पान्यांची पेटी घरीच ठेवा. पाइप दुरुस्त झाला तर डबकं आटेल आणि झुडूप जाईल.

ता. क. २. तुमचे हात शिवशिवणारच, म्हणून सांगते, स्वयंपाकघरातला नळही गळतो. एक पाना खिशात घालून आणा आणि तो हवा तेवढा आवळा. मागची चिंधी मात्र नुसती बघायची. गाठ तुमच्या भावाच्या हातची आहे.

ता. क. ३. तुम्ही म्हणाल, वहिनी, झुडपाला बादलीनंही पाणी घालता येतं. येतं. पुस्तकात तेही दिलंय.