कबुतरं पोचली, प्रोग्राम पोचेना

तुंगकांग, शनिवार दुपार

प्रिय यू-च्येंगदादा,

तुला आणि वहिनींना मनापासून नमस्कार. पाठ कशी आहे? आई म्हणते, फोनवर तू "बरी आहे" म्हणतोस तेव्हा ती हमखास बरी नसते, म्हणून ई-मेलवर लेखी विचारते आहे. इकडे सगळे मजेत. मामा पुन्हा कबूतर मंडळाचे अध्यक्ष झाले (दुसरं कुणी उभंच राहिलं नाही).

आणि त्यातूनच माझी गंमत झाली. तुला ठाऊकच आहे, शर्यतीत आधी घरी पोचलेलं कबूतर पहिलं येतंच असं नाही. कबुतरं सोडतात त्या समुद्रातल्या बोटीपासून प्रत्येकाचं खुराडं वेगळ्या अंतरावर, म्हणून अंतराला वेळेने भागून वेग काढावा लागतो. सव्वीस वर्षं हा हिशेब लू काका मण्यांच्या पाटीवर करत आले. यंदा त्यांना मोतीबिंदू झाला, आणि मामांनी फर्मावलं की, शाळेत गणित शिकवतेस ना, मग एक प्रोग्राम लिही. मी लिहिला. माझ्या संगणकावर तो लोण्यासारखा चालला. पेनड्राइव्हवर घालून मंडळात नेला, सगळ्यांसमोर उघडला, तर चौकट आली: अमुक लायब्ररी सापडत नाही. मामा शांतपणे म्हणाले, "वाचनालय मासळी बाजाराच्या मागे आहे. पण त्याचं इथे काय काम?"

भानगड अशी की प्रोग्राम काही तयार फाइलींच्या आधारावर चालतो, त्यांना लायब्रऱ्या म्हणतात. माझ्याकडे त्या प्रोग्राम लिहायच्या साधनांबरोबर कधीच येऊन बसल्या होत्या, मंडळाच्या संगणकावर एकही नव्हती. म्हणजे नवरदेव मांडवात आणि वऱ्हाड घरी! एक फाइल नेऊन दिली, तर त्याने दुसरी मागितली. दुसरी दिली, तर तिसरी. चौथीचं नाव बरोबर होतं, पण ती नव्या धाटणीच्या संगणकासाठीची निघाली आणि मंडळाचा पडला जुना. चार दिवस मी स्कूटरवरून फाइली पोचवत होते (दूधवाल्यालासुद्धा माझी दया आली). शेवटी सगळ्या शोधून प्रोग्रामशेजारी एकाच फोल्डरमध्ये ठेवल्या. चालला! मी घरी येऊन दोन वाट्या तांदळाची खीर खाल्ली.

शर्यतीच्या सकाळी पुन्हा तीच चौकट. मामांनी मला खूश करायला म्हणून कबुतराचं चित्र असलेली, म्हणजे प्रोग्रामची, तेवढी एक फाइल पडद्यावर समोर आणून ठेवली होती, आणि उरलेला "कचरा" झाडून टाकला होता. बोटीवरून कबुतरं सुटून तासभर झाला होता, पन्नास माणसं आपापल्या अंगणात आभाळाकडे बघत उभी. मला रडू फुटायच्या बेतात होतं. लू काका भिंग घेऊन माझ्या शेजारी बसले होते. म्हणाले, "पोरी, तू घरी जाऊन तुझं काम कर. तोवर कबुतरं मी सांभाळतो."

गेले. या खेपेला सगळ्या लायब्रऱ्या प्रोग्रामच्या पोटातच घातल्या, एकच फाइल केली. मामांना झाडायला काही ठेवलंच नाही. परत आले तेव्हा शेवटच्या कबुतरांच्या वेळा फोनवर येत होत्या. वेळा भरल्या, बटण दाबलं, यादी आली. काकांची पाटीवरची यादी केव्हाच तयार होती. दोन्ही शेजारी ठेवून आम्ही ओळ न् ओळ ताडून पाहिली. सगळं जुळलं, फक्त चौदावं कबूतर सोडून. तिथे मी अंतराचे दोन आकडे उलटे भरले होते. मला वाटलं, आता काका टोमणा मारणार. ते म्हणाले, "याची अक्षरं मोठी होतात का? मग मला शिकव." आता दर शर्यतीला ते प्रोग्राम चालवतात आणि मी मण्यांची पाटी शिकते. फार मजेत आहे, दादा.

तुझी,
यी-च्युन

ता. क. मामांनी हा प्रोग्राम आणखी चार मंडळांना वाटला आहे. तिथल्या संगणकांवर काय होईल ते देव जाणे. प्रोग्राम उघडलाच नाही तर त्यात लिहिलेली मदतही दिसणार नाही, म्हणून प्रत्येक पेनड्राइव्हवर चिठ्ठी चिकटवली आहे: "अडल्यास फोन करा." खाली तुझा नंबर आहे.

ता. क. २. त्यांची शर्यत उद्या सकाळीच आहे. आवाज जरा भारदस्त काढ. तू संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात असतोस एवढंच मी त्यांना सांगितलं आहे. तिथल्या जेवणघराचं बघतोस, हे नाही.