उभ्याने ध्यान

तीर्थस्वरूप मामांस,

कॉलेज अर्धवट सोडलेल्या भाच्याचा साष्टांग नमस्कार (लांबूनच, जवळ आलो तर तुम्ही कान पिरगाळाल). तुमची कंबर कशी आहे? चपलाबुटांचा धंदा तेजीत असेलच. मी दुकानात पाऊल ठेवायचं नाही असं तुम्ही बजावल्यापासून खबर फक्त आईकडून कळते, आणि ती तुमची बहीण असल्याने सगळं उत्तमच सांगते.

तर तिनेच माझं डोकं थंड व्हावं म्हणून मला ध्यानाच्या वर्गात घातलं. शिंप्याच्या दुकानावरची खोली, कुरकुरणारा पंखा, आणि शिकवणाऱ्या बाई बौद्ध. आवाज इतका मऊ की भांडण काढायला फटच सापडत नाही. पहिल्याच दिवशी शेजारच्या चटईवर ती येऊन बसली. (ती कोण, ते पुढे येईल. आधीच रागावू नका.) डोळे मिटताच अशी स्थिर व्हायची की मला वाटलं, ही फार पोचलेली दिसते. मी आपला रोज एक डोळा किलकिला ठेवून श्वासावर लक्ष देत होतो. तिच्या.

असंच सुखात चाललं असतं. पण एका संध्याकाळी बाईंनी विषय काढला की बाजारातल्या दुकानांत विक्रीच्या मुलींना दिवसभर बसू देत नाहीत, गिऱ्हाईक असो वा नसो. "बुद्धांनी डोळे मिटायला शिकवलं, काणाडोळा करायला नाही," असं म्हणून त्यांनी अख्खा वर्ग उचलून खेळण्यांच्या दुकानासमोर फुटपाथवर नेला. त्या मुलींना स्टुलं मिळेपर्यंत आपलंही ध्यान उभ्याने. मामा, प्रेमात पडायला आलेल्या माणसाला सामाजिक न्यायात ओढायचं, ही कुठली रीत? पोटऱ्यांची लाकडं झाली. एक गृहस्थ रांग समजून माझ्या मागे उभे राहिले आणि इथे काय वाटतात ते विचारू लागले. करुणा, म्हटलं. तर म्हणे, माणशी किती?

शेवटी माझी सटकली. बाई मालकाशी सबुरीने बोलत होत्या, तो हो म्हणायच्या बेतात होता (हे मागाहून कळलं), तेवढ्यात मी आत घुसून त्याला रक्तपिपासू वगैरे ऐकवलं. परिणाम असा की दारातल्या म्हाताऱ्या रखवालदाराचं होतं नव्हतं ते एक स्टूलही त्याने आत नेलं. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला रखवालदाराशेजारी उभं केलं आणि राग आला की तो अंगात नेमका कुठे आहे ते बघ म्हणाल्या. माझा राग बघायला सवड कुठली? रखवालदाराचाच ऐकता ऐकता दिवस मावळायचा. पुढे बाईंनीच मालकाची समजूत घातली, स्टुलं आली, आणि रखवालदाराने मला वगळून सगळ्यांचे आभार मानले.

एवढी शोभा झाल्यावरही मी तिच्याशी बोललो. तेव्हा कळलं, ती पोचलेली वगैरे काही नव्हती. दिवसभर उभी राहून आलेली असायची, चटईवर टेकली की झोपायची. कुठल्या दुकानात, विचारलं. तिने सांगितलं आणि माझे कान तापले. तुमच्या, मामा. मग दुकानाचे मालक माझे कोण लागतात तेही सांगावं लागलं.

"फुटपाथवर काय, कुणीही उभं राहील," ती म्हणाली. "मामाला सांगून दाखव."

आपला (अधूनमधून) आज्ञाधारक भाचा

ता. क. : तर सांगतो. तुमच्याकडे तिघीजणी आहेत, तिघींना स्टुलं द्या. त्यांतली ती कोण, हे शोधू नका. कुणाला कामावरून काढलंत, तर मात्र (हे वाक्य बाईंना दिलेल्या शब्दाखातर अर्धंच सोडतो).

ता. क. चा ता. क. : सोमवारपासून वर्ग दिवसा, तुमच्या दुकानासमोर आहे. स्टुलं आली नाहीत तर आत ती उभी असेल, बाहेर मी. या खेपेला चकार शब्द काढणार नाही. अख्ख्या रस्त्यात बसलेले मात्र तुम्ही एकटेच दिसाल, मामा.